उजवीकडचं झाड

माझे मामा दिवे करायचे. "म्हणजे इलेक्ट्रिशियन का?" असं कुणी विचारलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. वायरी जोडणं, बटणं बसवणं हे त्यांच्या लेखी दुसऱ्याचं काम होतं. ते दिव्यावरची नक्षी करायचे. पितळेचा पत्रा घ्यायचा, त्यात बारीक करवतीने वेली, पानं, पक्षी कोरून काढायचे, आणि मग तो पत्रा वाकवून आत दिवा बसवायचा. गावातल्या दोन हॉटेलांत, वाचनालयाच्या जिन्यात आणि कोर्टाच्या मोठ्या दालनात त्यांचे दिवे होते. कोर्टात जाणाऱ्या माणसाचं लक्ष दिव्याकडे कशाला जातंय म्हणा.

त्यांची काम करायची रीत जगावेगळी होती. ते म्हणायचे, "दिव्याकडे काय बघता? डोळे दिपतात नुसते. भिंतीकडे बघा. नक्षी भिंतीवर पडते." म्हणून ते आधी ठरवायचे की भिंतीवर सावली कशी पडली पाहिजे, आणि तिथून उलट हिशेब करत पत्र्यापर्यंत यायचे. पत्र्यावर सुंदर दिसणारं पान भिंतीवर बेडकासारखं दिसलं तर ते पान वाया गेलं. आणि पत्र्यावर वेडीवाकडी वाटणारी रेघ भिंतीवर पडल्यावर जिवंत वेल झाली, तर मामांचा दिवस सोन्याचा.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे टायरच्या दुकानामागची लांबट, बोळासारखी खोली. तिच्या टोकाची भिंत पांढरीशुभ्र. त्या भिंतीवर कॅलेंडर लावायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, हात टेकायचा नाही. मी लहानपणी एकदा चिखलाचा हात टेकला होता, तर मामांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. भिंतीसमोर एक वेताची खुर्ची होती. ती मामीची. दुपारी चारला मामी चहा घेऊन यायची. मामा खिडकी बंद करून नवा दिवा लावायचे आणि मामी खुर्चीत बसून भिंत बघायची. मामा तिच्या तोंडाकडे बघत उभे, निकाल लागायच्या आधी शाळेतली पोरं उभी राहतात तसे.

आणि मामी खोट काढायचीच. खोट काढली नाही असं मी कधी पाहिलं नाही. "इथे जाड झालंय." "हा पक्षी उपाशी दिसतोय." एकदा हॉटेलवाल्याने बारा दिवे पसंत केले, तोंड भरून कौतुक केलं. मामीने भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "अहो, ही पानं आहेत की वांगी?" मामांनी बाराच्या बारा पत्रे पुन्हा कापले. हॉटेलवाल्याला आजतागायत कळलेलं नाही की त्याला वांगी मिळणार होती.

मला तेव्हा मामीचा राग यायचा. माणूस दिवसभर पाठ मोडून काम करतो, एखादा गोड शब्द बोलली असती तर जीभ झडली असती का? पुष्कळ उशिरा माझ्या लक्षात आलं, की गोड बोलणारी गावभर होती. मामा वाट बघायचे ती मामीने काढलेल्या खोटेची.

या सगळ्याची सुरुवात तिनेच केली होती. लग्न झालं तेव्हा ही दोघं भाड्याच्या एका खोलीत राहायची. खिडकीबाहेर एक झाड होतं आणि झाडापलीकडे रस्त्यावरचा दिवा. संध्याकाळी तो दिवा लागला की झाडाची सावली खिडकीतून आत शिरून छतावर पसरायची. डावीकडे खिडकीचे गज, उजवीकडे झाड. मामा तेव्हा भांड्यांच्या कारखान्यात पत्रा कापायचे. मामी एकदा सहज म्हणाली, "असा दिवा करा की. म्हणजे झाड आपल्यासोबत येईल कुठेही." मामांनी झाड केलं नाही, पण ते दिवे करायला लागले. पुढे रस्ता रुंद झाला, झाड तोडलं, खोलीही गेली. मूलबाळ झालं नाही. दोघांनी दोन खोल्यांचं घर घेतलं आणि त्या घरात चाळीस वर्षं एक उघडा बल्ब लोंबकळत राहिला. "गावाला नक्षी आणि मला बल्ब," असं मामी वर्षातून चारदा तरी ऐकवायची. मामा म्हणायचे, "करतो गं, हे एवढं काम होऊ दे." हे एवढं काम कधी संपलं नाही.

मग मामीला झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला, त्यामुळे डावा हात, डावा पाय गेला. बोलणं वाचलं, थोडं जड झालं इतकंच. मी औषधांच्या दुकानात काम करते, असे पेशंट रोज बघते, त्यामुळे मला वाटलं होतं की मला सगळं ठाऊक आहे. पण मामी घरी आल्यावर जे दिसलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. मामी ताटातला उजवीकडचा भात खायची आणि डावीकडचा तसाच ठेवून म्हणायची, "आणखी वाढ की, संपला." उजवीकडचे केस विंचरायची, डावीकडचे तसेच. डॉक्टरांनी सांगितलं, "डोळे ठीक आहेत त्यांचे. पण डावी बाजू असते हेच त्यांच्या मेंदूला आता कळत नाही. त्यांच्यासाठी ती नाहीच आहे."

पहिल्या आठवड्यात मामा नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या बाजूला बसले होते, तिचा हात हातात धरून. मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "हे कुठे गेले गं? सकाळपासून फिरकले नाहीत." मामांनी तो हात हळूच पांघरुणावर ठेवला, उठले, पलंगाला वळसा घालून उजवीकडे आले आणि म्हणाले, "हा काय, आत्ताच आलो." तेव्हापासून ते उजवीकडेच बसू लागले.

मामीला उठता यायचं नाही, कुशीवर फार वेळ ठेवलं की दुखायचं. दिवसभर उताणी पडून छत बघायची. "एक डाग आहे तिथे," मला म्हणायची, "मी त्याला बघून कंटाळले आणि तो मला." एक दिवस ती मामांना म्हणाली, "अहो, गावाच्या भिंती सजवल्यात. आता माझं छत तेवढं करा. ते झाड करा आपलं. मला एकदा बघायचंय ते."

मामांनी कागद आणून तिच्या पोटावर पाटी ठेवली आणि पेन्सिल हातात दिली. तिचा उजवा हात चालायचा, पण थरथरायचा. तिने झाड काढलं. खोड, दोन मोठ्या फांद्या, एक खाली झुकलेली. सगळं कागदाच्या उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने. डावा अर्धा कोरा. तिच्यासाठी कागद तिथेच संपत होता. मामांनी त्या कोऱ्या जागेत खिडकीचे गज काढले आणि म्हणाले, "बरोबर जमलं. झाड तुझ्या उजव्या हातालाच होतं."

त्याच महिन्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा झटका येणार, आणि तो झेपणार नाही. फार तर तीन-चार महिने. मी ते मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि पितळेचा पत्रा आणायला गेले.

पाच आठवडे त्यांनी जिवाचं रान केलं. वय सत्तरीपुढचं, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. सकाळी मामीचं सगळं आवरून, शेजारच्या नर्सबाईंच्या हवाली तिला करून ते वर्कशॉपला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे तेव्हा बोटांच्या चिरांत पितळेचा कीस असायचा. दिवा पलंगाच्या उशाकडच्या भिंतीवर पक्का बसवायचा होता. वरचं तोंड तिरकं, म्हणजे सावली नेमकी पलंगावरच्या छतावर पडणार. जुन्या पद्धतीचे स्वच्छ काचेचे बल्ब आता मिळत नाहीत, ते मामांनी पेटीत जपून ठेवले होते. हल्लीच्या दुधी बल्बाने सावली भुरकट होते.

दिवा बसवला त्या संध्याकाळी मीही होते. मामांनी खिडकी लावली, उघडा बल्ब बंद केला आणि नव्या दिव्याचं बटण दाबलं. छतावर सावली उमटली. चाळीस वर्षांहून जुनी ती खोली मी कधी पाहिली नव्हती, पण ती छतावर होती. झुकलेल्या फांदीचं एकेक पान मोजून घ्यावं इतकं स्पष्ट.

मामा निकालासाठी मामीच्या तोंडाकडे बघत उभे होते. मामी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गज छान आलेत. झाड कधी करणार?"

मी वर बघितलं. पलंगावर पडलेल्या माणसाच्या हिशेबाने झाड डावीकडे होतं आणि गज उजवीकडे.

मामा स्टुलावर बसले. मग म्हणाले, "कागद." मला काही कळलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं, आणि त्यांचा राग करावा की त्यांना जवळ घ्यावं ते कळेना. पत्रा बाहेरच्या बाजूने कापतात आणि सावली आतल्या बाजूची पडते, म्हणजे डावं-उजवं बदलतं. म्हणून मामा पातळ कागदावर चित्र काढायचे आणि चित्राचीच बाजू गोंद लावून पत्र्यावर पालथी चिकटवायचे. मागून रेघा दिसतात, त्यावरून करवत चालवायची. चाळीस वर्षं हात आपोआप हे करत होता. पण या कागदावर रेघा मामीच्या होत्या. तिच्या थरथरत्या हाताच्या. त्या रेघांवर गोंद फासायला मामांचा हात धजावला नाही. त्यांनी कागद सुलटा ठेवला आणि गोंद मागच्या बाजूला लावला.

आणि ही चूक पहिल्या दिवशी जिने पकडली असती, ती वेताच्या खुर्चीत नव्हती.

मी म्हटलं, "मामा, त्यात काय एवढं? दिवा हलवता येत नाही, पण मामीला हलवू. उशी पायथ्याशी ठेवू, डोकं तिकडे करू. झाड उजवीकडे येईल."

"उलटं येईल. मुळं वर, शेंडा खाली."

"येऊ दे की! दिसेल तरी."

मामांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं तिने माझी एक रेघ वाकडी चालवून घेतली नाही. आणि आता शेवटी तिला उलटं झाड दाखवू? नवीन करतो."

"वेळ आहे का तुमच्याकडे?" मी बोलून गेले. मामी ऐकत होती.

दुसऱ्या दिवसापासून मामा पुन्हा पत्र्याला भिडले. मी मात्र आतून धुमसत होते. सहा आठवडे झाले, सात झाले. मी दुकानातून सुटले की वर्कशॉपमध्ये डोकवायचे. पहिला दिवा पाच आठवड्यांत झाला होता, हा संपता संपेना. "किती राहिलं?" विचारलं की "होतंय, होतंय." मामी सुकत चालली होती. जेवण चार घासांवर आलं. आणि हा माणूस कानस घेऊन पानाच्या कडा घासत बसला होता. एवढी कसली ती हौस, एवढा कसला तो मान, असं वाटून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी एका दुपारी माझा संयम सुटला. मामा वर्कशॉपमध्ये होते. मी आणि नर्सबाईंनी मिळून मामीला अलगद उचलून फिरवलं, उशी पायथ्याशी घातली, खिडकी लावली आणि दिवा लावला.

मामीने वर बघितलं. काही क्षण तिला उमगेना. मग ती हसली. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसू पूर्ण होतं. "अगं, डोक्यावर उभं केलं की याला!" तिने उजवा हात वर उचलला आणि हवेतच झुकलेल्या फांदीवरून बोट फिरवलं. खूप वेळ बघत राहिली. सवयीने एक खोटसुद्धा काढली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कानात जायला लागलं तसं मी पुसलं.

"बोलावू मामांना?" मी विचारलं.

"नको." ती एकदम म्हणाली. "त्यांना सांगूही नकोस. मला ठेव पुन्हा होती तशी."

"का पण?"

"मी झाड पाहिलं कळलं तर करवत खाली ठेवतील. मग दिवसभर इथे बसून माझ्याकडे बघतील. हातात काम आहे तोवर तो माणूस उभा आहे गं."

आम्ही तिला होती तशी ठेवली. संध्याकाळी मामा आले, उजवीकडे बसले. मामी म्हणाली, "झालं का झाड?" ते म्हणाले, "होतंय." मी ओट्यावरची भांडी आवरत राहिले.

त्यानंतर अकराव्या दिवशी दुपारी मामी गेली. नर्सबाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानातून धावत आधी वर्कशॉपला गेले. मामांनी माझ्याकडे बघितलं. करवत टेबलावर ठेवली, ती नेहमीच्या खिळ्यावर टांगायची विसरले. घरी पोचल्यावर त्यांनी तिचा हात हातात घेतला. डावा हात. कुठल्या बाजूला बसायचं याला आता काही अर्थ उरला नव्हता.

पंधरा दिवसांनी मी वर्कशॉप झाडायला गेले. मामा माझ्या मागून आले आणि वेताच्या खुर्चीजवळ उभे राहिले. टेबलावर नवा दिवा होता. मी तो हातात घेतला. तो तयार होता. गज, खोड, दोन्ही फांद्या, कडासुद्धा घासून चकचकीत केलेल्या. फक्त झुकलेल्या फांदीच्या टोकाचं एक पान कापायचं राहिलं होतं. पेन्सिलीची खूण होती, त्यावर धूळ बसली होती. फार तर अर्ध्या तासाचं काम.

"मामा, हे कधीपासून असं आहे?"

"महिना झाला असेल."

मी ओरडलेच. "महिना? एका पानासाठी? ती वाट बघत होती ना!"

"म्हणूनच," मामा म्हणाले. "वाट बघतेय तोवर थांबेल, असं वाटलं मला. झाड दाखवलं की ती जाणार. म्हणून मी ते पान ठेवलं." मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एका पानाने काय होणार होतं. ती न बघताच गेली."

मी मामीला शब्द दिला होता. पण तो शब्द पाळला असता तर समोरचा माणूस उभ्या उभ्या कोसळला असता. मी सांगून टाकलं. उशी, पायथा, उलटं झाड, सगळं. हातात काम असू दे म्हणाली, तेही सांगितलं.

मला वाटलं होतं मामांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा आणखीच उतरला. म्हणाले, "आणि मी इथे कानस घासत होतो."

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासोबत घरी गेले. त्यांनी स्वतः उशी उचलून पायथ्याशी ठेवली, खिडकी लावली, भिंतीवरचा जुना, चुकलेला दिवा लावला आणि पलंगावर मामीसारखे उताणे पडले. मी स्टुलावर बसले. ते छताकडे बघत राहिले. मुळं वर, शेंडा खाली.

"खोड जाड झालंय," ते म्हणाले. "पत्र्यावर लक्षात नाही आलं." मग मान न वळवता विचारलं, "ती काही बोलली नाही?"

"बोलली."

"काय?"

"खोड जाड झालंय म्हणाली."

मामा हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून छातीवर ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडायला लागले. मी उठून पलंगाच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.